दिसला! कानाचा पडदा दिसला!

आपल्या प्रत्येकाच्या डोक्यात, दोन्ही बाजूंना, जेमतेम नऊ-दहा मिलिमीटरची इतकी देखणी गोष्ट आहे आणि ती मी आजवर कधी पाहिलीच नव्हती! कानाचा पडदा. मोतिया करडा रंग, अंगावर ओलसर चकाकी, वरून मध्यापर्यंत उतरलेली एका हाडाची बारीक दांडी, आणि तिच्या टोकापासून खाली पसरलेला प्रकाशाचा त्रिकोण. जाडी मिलिमीटरचा दहावा भाग! एवढ्याशा पापुद्र्यावर आईची हाक, वर्गातले पाढे, पोळ्याच्या दिवशीची घुंगरं, सगळं येऊन आदळतं आणि आत जातं. हे मी पाहिलं चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शाळेच्या ओट्यावर, साध्या अँड्रॉइड फोनच्या स्क्रीनवर.

जळगावच्या कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉक्टर मॅडम तिथे मुलांचे कान तपासायला आल्या होत्या. मी गेले होते शाळेवर लेख लिहायला. शाळेचा लेख राहिला बाजूला, मी सगळा दिवस मॅडमच्या खांद्यामागे उभी! त्यांच्या हातात पेनाएवढी एक कांडी होती, वायरने फोनला जोडलेली. कांडीच्या टोकाला इवलासा कॅमेरा, त्याच्याभोवती बारीक एलईडी दिवे, वर प्लास्टिकची निमुळती टोपी. प्रत्येक मुलाला टोपी बदलायची, कांडी स्पिरिटने पुसायची. मग कान हलकेच वर आणि मागे ओढायचा, म्हणजे आतली वाकडी वाट सरळ होते. (अगदी तान्ह्या बाळाचा मात्र मागे आणि खाली.) कांडी आत जाते, स्क्रीनवर आधी गुलाबी बोगदा दिसतो, कडेची लव दिसते, मळाचे पिवळे-तपकिरी खडे दिसतात, आणि मग एकदम पडदा! मॅडम बटण दाबतात, फोटो निघतो. एका कानाला मिनिटसुद्धा लागत नाही.

लहानपणी आम्ही कानाच्या डॉक्टरांना ओळखायचो ते त्यांच्या कपाळावरच्या गोल आरशावरून. आरशाच्या मधोमध भोक, त्यातून डॉक्टर बघणार. पुढे हातात धरायचा ऑटोस्कोप आला, बॅटरीचा, भिंगाचा. पण त्यातही एका वेळी एकच डोळा लावता येतो. म्हणजे इतकी वर्षं कानाच्या आत काय चाललंय हे बहुतेकदा फक्त एका माणसाला दिसत होतं आणि बाकी सगळ्यांनी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा होता. ज्याचा कान त्यालाही दिसत नाही, त्याच्या आईलाही नाही, शिक्षकाला तर नाहीच. डोळा आला की घरभर कळतं. खरूज दिसते, पायाला लागलेलं दिसतं. कान मात्र आतल्या आत सडत राहतो. त्या ओट्यावर, मुलांच्या गर्दीत, सगळ्यांनी एकदम एकाच कानाच्या आत पाहिलं. मला राहून राहून वाटतंय की सगळी गोष्ट इथेच बदलते!

चौथीतली एक मुलगी आली. उजव्या कानात कापसाचा बोळा, बाजारातल्या पुडीतला नव्हे, घरच्या शेतातला, सरकी काढून पिंजलेला. खान्देशात अशी पोरं मी जन्मभर पाहत आले आहे. बोळा काढला तर ओला आणि पिवळट. मॅडमनी कोरड्या कापसाची वात करून पू टिपून घेतला, पुन्हा पुन्हा टिपला, मग कांडी आत घातली. स्क्रीनवर पडदा आला आणि पडद्याच्या बरोबर मध्ये भोक! काळं, गोलसर, पडद्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा खाल्लेलं, कडा लालसर सुजलेल्या.

मुलीची आई शेजारीच उभी होती. तोपर्यंत ती सगळ्यांना सांगत होती की पोरांचे कान वाहतातच, मोठी झाली की आपोआप थांबतं. तिनं फोनकडे पाहिलं आणि दोन्ही हात गालाला लावले. "माय वं! कितलं मोठं भोक शे हाई!" मग लगेच, "आते काय करानं?"

आता काय करायचं! कान वाहतोय हे तिला दोन पावसाळ्यांपासून माहीत होतं, पण हा प्रश्न तिला त्या क्षणी पडला. कुणी रागावलं नाही, कुणी भाषण दिलं नाही. मॅडमनी डावा कान दाखवला, तो शाबूत होता, करडा, चकाकणारा. दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले. बस्स! आईनं दोन्ही फोटो नीट निरखले आणि मग तिचे प्रश्न थांबेनात. तेल घालायचं का? (अजिबात नाही, लसूण टाकून कोमट केलेलंही नाही.) आंघोळीला काय करायचं? (कापसाला व्हॅसलीन लावून कानात बसवायचा, आंघोळ झाली की काढायचा.) विहिरीत पोहायला? (सध्या बंद.) मग कापसाची किंवा स्वच्छ सुती कापडाची वात कशी वळायची, ती ओली होईपर्यंत कानात ठेवून कशी बदलायची, कान कोरडा झाल्यावरच थेंब का घालायचे, हे त्या बाईनं स्वतःच्या हाताने करून दाखवलं. पुवाने भरलेल्या कानात औषधाचे थेंब वरच्यावर तरंगतात, आत पोहोचतच नाहीत. इतकं साधं कारण!

हे भोक पडतं तरी कसं? त्या दिवशी मला समजलं आणि अंगावर काटा आला. घशाच्या मागून मधल्या कानाकडे एक नळी जाते. मुलांमध्ये ती आखूड असते आणि जवळजवळ आडवी. सर्दी झाली की जंतू तिच्यातून वर चढतात, पडद्याच्या मागे पू साचतो, दाब वाढतो, पोर रात्रभर रडतं. आणि मग पडदा फुटतो. फुटला की दाब सुटतो आणि दुखणं थांबतं! पोर शांत झोपतं, घरच्यांना वाटतं बरं झालं. बहुतेकदा असा पडदा आपणहून भरूनही येतो. पण सर्दी पुन्हा झाली, पाणी गेलं, औषध अर्धवट राहिलं, तर भोक भरत नाही आणि कान वाहतच राहतो. दुखत नसल्यामुळे दवाखान्यात जायची घाई कुणालाच नसते. मजुरी बुडवून, एसटीने पन्नासेक किलोमीटर जाऊन, न दुखणारा कान कोण दाखवायला नेईल?

दोन आठवड्यांहून जास्त कान वाहिला तर जागतिक आरोग्य संघटना त्याला जुनाट पू वाहणारा कान म्हणते. २००४ मध्ये या संघटनेने या आजारावर अहवाल काढला, त्यात भारत सर्वांत वरच्या गटात आहे, १०० माणसांमागे ४ हून जास्त. म्हणजे ५० मुलांच्या वर्गात दोन बाकांवर दोन वाहणारे कान! ती दोन मुलं फळ्याजवळचं अर्धंमुर्धं ऐकतात, अर्धं ओठांवरून ताडतात, आणि प्रगतिपुस्तकावर "लक्ष देत नाही" असा शेरा घेऊन घरी जातात. २०११ च्या जनगणनेने देशात ऐकू न येण्याचं अपंगत्व असलेली सुमारे ५० लाख ७१ हजार माणसं मोजली. पण एका कानाने कमी ऐकणारी, कान वाहणारी ही पोरं अशा मोजणीत धडपणे येत नाहीत. आणि संघटनेचाच २०२१ चा अहवाल सांगतो की मुलांमधला जवळपास ६० टक्के बहिरेपणा टाळता येण्यासारख्या कारणांनी होतो. साठ टक्के!

वाहणाऱ्या कानातही दोन जाती असतात. भोक पडद्याच्या मध्यात असेल तर ते तुलनेने कमी धोक्याचं. भोक वरच्या टोकाला किंवा अगदी कडेला असेल, तिथे पांढरे पापुद्रे साठलेले असतील, घाण वास येत असेल, तर आत कोलेस्टिएटोमा नावाचा आजार वाढत असतो. तो हाड खातो. ऐकण्याची इवली हाडं खातो, चेहऱ्याच्या नसेपर्यंत पोहोचला तर तोंड वाकडं करतो, मेंदूपर्यंत गेला तर जीव घेतो. बाहेरून दोन्ही सारखेच: पू आणि कापसाचा बोळा. फरक फक्त आत पाहिल्यावर दिसतो. मॅडमनी मला दोन्ही फोटो दाखवले आणि विचारलं, "यातला कुणाला आज गाडीत घालून न्यायचं, सांगा बरं?" आणि मला ओळखता आलं! मी डॉक्टर नाही, नर्स नाही, तरी मला ओळखता आलं!

त्या रात्री मी जळगावला परतले आणि झोप कसली, वाचत बसले. हे जगभर चाललंय! दिल्लीत २०१३ पासून मेडट्रॉनिक कंपनीच्या "श्रुती" कार्यक्रमात, डॉ. श्रॉफ्स चॅरिटी आय हॉस्पिटलच्या साथीने, वस्तीतल्या आरोग्यसेविका एंटराव्ह्यू नावाचं फोनचं यंत्र घेऊन फिरल्या, गल्लीबोळांत लोकांचे कान तपासले. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया विद्यापीठातून निघालेल्या हिअरएक्स कंपनीने फोनला जोडायची हिअरस्कोप नावाची कांडी बनवली. त्याच विद्यापीठातल्या आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग छापला: पडद्याचा फोटो संगणकाला द्यायचा आणि संगणकानेच आजाराचा प्रकार सांगायचा. महागड्या यंत्राच्या फोटोंवर त्याचं उत्तर १०० पैकी ८० वेळा बरोबर आलं आणि त्यांनी स्वतः बनवलेल्या स्वस्त कॅमेऱ्याच्या फोटोंवर ७८-७९ वेळा. स्वस्त आणि महाग यात जेमतेम दोनाचा फरक!

पण माझी खरी विकेट काढली ती सिअॅटलच्या प्रयोगाने. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जस्टिन चॅन, श्याम गोल्लाकोटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं की कॅमेरासुद्धा लागत नाही. कागद! कागदाचा शंकू करायचा, फोनच्या स्पीकर-माइकजवळ चिकटवायचा, टोक कानात ठेवायचं. फोन पाखरासारखा चिवचिवतो, सेकंदाच्या सातव्या भागाएवढाच. आवाज पडद्यावर आपटून परत येतो. बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारून ऐकतो तसंच हे: पडद्यामागे पाणी साचलेलं असेल तर परतणारा आवाज वेगळा येतो आणि तो फरक फोन ओळखतो. ९८ कानांवर तपासलं तेव्हा पाणी असलेल्या १०० कानांपैकी ८५ ओळखावेत इतकी अचूकता आली. कॅमेऱ्याला हे पाणी नेहमी कळतंच असं नाही, कारण पडदा शाबूत असतो, पू नसतो, दुखत नसतं, फक्त पोराला कमी ऐकू येतं. मी रात्री दोन वाजता वहीचं पान फाडून तसा शंकू करून पाहिला, नुसता हातात धरून बसले, इतका आनंद झाला होता.

आणि अलास्का! बर्फातली गावं, रस्ता नाही, डॉक्टरकडे जायचं तर विमानाने. तिथल्या बेरिंग सामुद्रधुनीच्या काठच्या १५ वस्त्यांतल्या शाळांमध्ये २०१७ ते २०१९ या काळात मुलांची फोनवर श्रवणचाचणी झाली. ज्या मुलांच्या कानात खोट निघाली, त्यांच्यापैकी काहींच्या घरी नेहमीसारखी चिठ्ठी गेली. बाकीच्यांची माहिती आणि कानाचे फोटो शाळेतूनच दूरच्या तज्ज्ञाकडे गेले. चिठ्ठीवाल्यांपैकी पुढे तपासणी झाली १०० तल्या ३२ जणांची. फोटोवाल्यांपैकी ६८ जणांची! निदानाला चिठ्ठीवाल्यांना सरासरी ९२ दिवस लागले, फोटोवाल्यांना साधारण ४१. हे आकडे वाचताना मला आपली चिठ्ठी आठवत होती, "जिल्हा रुग्णालयात दाखवा" लिहिलेली, घडी पडून दप्तराच्या तळाशी गेलेली. अलास्कात बर्फ आहे, आपल्याकडे कापूस वेचणी आणि बुडालेली मजुरी आहे. चिठ्ठीचं होतं तेच!

मग मला धुळ्याच्या एका डॉक्टरांबद्दल कळलं. त्यांनी स्वतःच्या खर्चाने साक्री तालुक्यातल्या ओळखीच्या नर्स सिस्टरांना अशी एक कांडी घेऊन दिली होती. मी तडक गेले! सिस्टर फोटो काढतात, डॉक्टरांना पाठवतात, डॉक्टर ओपीडीतून मोकळे झाले की उत्तर देतात. सिस्टरांच्या फोनमध्ये जणू अख्खा साक्री तालुका कानांच्या रूपाने भरलाय. एका पोराच्या कानात ज्वारीचा दाणा. डॉक्टरांचं उत्तर: पाणी मारू नका, दाणा फुगेल, घट्ट बसेल, इकडे पाठवा. एका शेतकरी आजोबांचा कान पावसाळ्यात खाजून खाजून बेजार, आत पांढरट बुरा आणि त्यावर काळे ठिपके. बुरशी! तेल घालून घालून तिचीच सोय झाली होती. एका बाईला वर्षभर ऐकू येत नव्हतं, डोळ्यांत पाणी आणून ती सांगायची की सुना हळू बोलतात. आत नुसता मळाचा कडक खडा. मऊ करायचे थेंब घातले, काही दिवसांनी खडा काढला, आणि सिस्टर सांगतात, तिनं पहिली तक्रार केली ती गिरणीच्या आवाजाची!

सिस्टर म्हणाल्या, "आधी मी नुसतं लिहायची, कान दुखतो. आता मला कळतं मी काय पाठवतेय." त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आत्मविश्वास! वीस-बावीस वर्षं नोकरी झालेली बाई नवं काही शिकल्याच्या आनंदात मला एकेक फोटो मोठा करून समजावत होती, हा प्रकाशाचा त्रिकोण उजव्या कानात पाचच्या काट्यावर असतो, डाव्यात सातच्या, तो हरवला तर पडदा आत ओढला गेलाय का ते पाहायचं.

इतक्या उत्साहात असूनही काही गोष्टी स्पष्ट सांगायलाच हव्यात, कारण अशा कांड्या ऑनलाइन हजार-दीड हजार रुपयांत मिळतात आणि त्यांच्या टोकाला मळ कोरायचे चमचेही लावून येतात. कृपा करून घरी कोरू नका! पोरानं मान झटकली की पडद्यालाच इजा. बघायला शिकलेला हात लागतो, तो आठवडाभराच्या सरावाने येतो, पण लागतोच. मळ आडवा असेल तर काहीच दिसत नाही. फोटो धूसर आला तर तज्ज्ञालाही सांगता येत नाही. मुलांचे फोटो कुणाच्या फोनमध्ये, किती दिवस राहणार, याचा नियम आधी ठरवायला हवा. आणि फोन काही भोक बुजवत नाही. कान कोरडा झाल्यावर, कानशिलावरच्या स्नायूचं पातळ आवरण काढून त्याचा नवा पडदा बसवायची शस्त्रक्रिया करावी लागते. ती करणारे हात इथे आहेत. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावातही २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अडतं ते पाड्यावरचा कान आणि शहरातलं टेबल यांच्यामधल्या वाटेवर.

आणि त्या वाटेवर चालणारी गाडीसुद्धा आहे! राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. २०१३ च्या फेब्रुवारीत हा कार्यक्रम देशात सुरू झाला तोच आपल्या पालघरमधून. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात, दोन डॉक्टर, नर्स, औषधनिर्माता. ज्या आजारांसाठी मुलं तपासायची त्या यादीत कानाचा संसर्ग आहे, ऐकू न येणं आहे. त्या गाडीत ही कांडी ठेवा! प्रत्येक गाडीत. जळगावचे १५ तालुके, धुळ्याचे ४, मिळून किती कांड्या लागतील? एखाद्या कार्यालयाच्या सोफ्यात जेवढा खर्च होतो त्याहून कमी. ई-संजीवनी २०१९ पासून चालू आहे, आरोग्य केंद्रातून तज्ज्ञाशी बोलायची सोय आहे, तिच्यावर फोटो चढवा. जिल्ह्यातल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी रोज संध्याकाळी अर्धा तास फोटो पाहिले तरी आठवड्यात किती शाळा होतील! जे तज्ज्ञ हे आज स्वतःहून, स्वतःच्या पेट्रोलवर करतायत, त्यांना मी भेटले आहे. त्यांना एकटं ठेवू नका.

मी तर आता भेटेल त्याला हेच सांगते. शिरपूर तालुक्यातल्या एका मुख्याध्यापकांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, आमच्या पहिलीत तीन मुलांच्या कानात बोळे आहेत, कधी येता? मी मॅडमना विचारलं. वेचणीच्या दिवसांत आई-बाप पहाटेच शेतात जातात आणि आईने फोटो पाहिल्याशिवाय मॅडम कान तपासायला तयार नाहीत. म्हणून तारीख रविवारची ठरली आहे, बाजाराच्या दिवशीची, शाळा उघडायला मुख्याध्यापक स्वतः येणार आहेत. साक्रीच्या सिस्टरही सुट्टी काढून येतायत, दुसरी कांडी घेऊन, म्हणजे दोन रांगा लावता येतील.